उसनेकाकूंची किसणी

आमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की त्यांना वाटतं, 'उसने' हे काकूंचं आडनाव. आडनाव कसलं, उद्योग! पहिल्या मजल्यावरची किसणी काकू उसनी आणणार आणि परत करणार तिसऱ्यावर. मग मालकीण दारोदार! तळमजल्याच्या दोन जावांचं वर्षभर एकमेकींशी बोलणं बंद होतं. एकीची किसणी दुसरीकडे निघाली. दोघींनी मिळून काकूंना मनसोक्त शिव्या घातल्या आणि समेट झाला.

दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक समाजशास्त्र शिकवतात. एकदा जिन्यात म्हणाले, "समाज म्हणजे शरीर. प्रत्येक अवयवाला काम असतं, म्हणून ते टिकतं."

"माझं काय काम हो?" काकूंनी विचारलं.

"आधी आमच्या कुकरची शिट्टी परत आणा, मग सांगतो."

काकूंच्या मुलाला मात्र या सगळ्याची लाज वाटे. एका रविवारी त्यानं किसणी, इस्त्री, शिडी, कुकर, सगळं नवंकोरं आणून टाकलं. "आई, आता कुणाकडे काही मागायला जायचं नाही!"

झालं! काकूंचं दार वाजेना. जावा पुन्हा मुक्या झाल्या. शेवटी प्राध्यापकच येऊन विचारून गेले, "काकू, शिट्टी नको का?"

"नको हो, घरात दोन आहेत."

बिचारे हिरमुसले. काकू मला म्हणाल्या, "मेलं, उद्या मी गेले तर शेजाऱ्यांना दुधवाल्याकडून कळायचं."

पण बाई कसली हुशार! मुलानं मागायची बंदी केली होती, द्यायची नव्हे. आठवड्यात घर रिकामं.

सोमवारी चिरंजीव चुरगळलेला शर्ट घेऊन उभे. "आई, इस्त्री?"

"दिली."

"कुणाला?"

"ते आठवत असतं तर काय हवं होतं! वरपासून विचारत ये."

साहेब बनियनवर निघाले. तिसऱ्या मजल्यावर चहा पाजला, दुसऱ्यावर प्राध्यापकांनी अवयव समजावले, पहिल्यावर लग्न कधी करतोस म्हणून उलटतपासणी झाली. इस्त्री सापडली जावांकडे. दोघींनी मिळून त्याच्या आईला यथेच्छ नावं ठेवली आणि शर्टही कडक करून दिला.

ऑफिसची वेळ केव्हाच टळली होती. तो घरी आला तेव्हा काखेत कुणाची तरी छत्री होती.

कुणाची, ते काकूंनी मुद्दामच विचारलं नाही.