जिनासमोरची भट्टी

माझ्या बी.ए.च्या पदवीला तळणीचा वास येतो, असे माझी मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. ते खरेच होते. कारंज्यात कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग फॅक्टरीच्या, म्हणजे जिनाच्या, फाटकासमोर माझ्या मामांचे हॉटेल होते. माझी शाळेची आणि पुढे अमरावतीच्या कॉलेजची फी त्या हॉटेलातल्या आलुबोंड्यांनी भरली. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंतही पोचले नव्हते. त्यामुळे मी कुठे उभा राहिलो तरी मामांना वाटे, आपली कढईच कोट घालून उभी आहे.

हॉटेल म्हणजे तुराट्यांच्या कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, दारातच भट्टी आणि भट्टीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे जळण. हंगामात कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग फाटकापासून पार वेशीपर्यंत लागे. वजनाची पाळी यायला अर्धा दिवस जाई. तोवर गाडीवान बैल सोडून मामांकडे येत, भजे खात, चहा पीत, मग बिडी शिलगावून कापसाच्या भावाला शिव्या देत बसत. भट्टी आत घ्या, असे मामी कितीदा म्हणाली असेल. पण कढईचा आवाज कानी पडल्याशिवाय माणसाला भूक लागत नाही, असे मामांचे ठाम मत होते.

मी पदवी घेऊन परत आलो, त्याच हंगामात जिनाच्या आगीचा विमा नवा करायचा होता. मुंबईहून विमा कंपनीचे एक तपासनीस आले. आतल्या कापसाच्या गंज्या पाहून ते फाटकाबाहेर आले आणि नेमका तेव्हाच मामांनी भट्टीत पऱ्हाट्यांचा नवा भारा कोंबला. ठिणग्या उडाल्या. त्यातली एक साहेबांच्या टोपीवर जाऊन बसली.

“बसा नं साहेब, गरम भजे हायेत,” मामा म्हणाले.

साहेबांनी टोपी झटकली आणि ते फाटकातून परत आत गेले.

संध्याकाळी जिनाचे जमादारचाचा निरोप घेऊन आले. फाटकावर पहारा करणारे हे चाचा मामांचे जुने दोस्त. बाकावर त्यांची जागा ठरलेली. त्या दिवशी मात्र ते उभेच राहिले.

“भाई, बुरा नको मानू,” ते म्हणाले. “जागा जिनाची हाय. साहेब म्हनते, फाटकासमोर भट्टी राह्यली तं विमा भेटत नाही. मालकानं सांगतलं, उद्याच नाल्यापलीकडं जा.”

“नाल्यापलीकडं?” मामांच्या हातातला झारा तसाच राहिला. “तिथं तं मसनवटी हाय! मेलेली मानसं भजे खातीन का?”

“खातीन, पन उधारीवर,” मामी आतून म्हणाली.

सगळे हसले, पण हसण्यात जीव नव्हता. बंड्यांची रांग सोडून नाल्यापलीकडे कोणी गिऱ्हाईक येणार नव्हते. मामांकडे ना शेत, ना दुसरा धंदा. फाटकासमोरची ती जागा गेली तर संसारच गेला. आणि ते मला सर्वांहून जास्त लागत होते, कारण त्या संसारात सर्वांहून जास्त मीच खाल्ले होते.

“मंग या पोराले बी.ए. कायले केलं?” मामा एकदम म्हणाले. “जाय रे, सायबाले विंग्रजीत सांग.”

मी सकाळी कोट घातला आणि जिनाच्या कचेरीत गेलो. रात्रभर घोकलेले भाषण साहेबांसमोर म्हटले. त्यात न्याय होता, गरिबाचा हक्क होता, व्यापाराचे स्वातंत्र्य होते. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, “तुमचे इंग्रजी छान आहे. पण ठिणगीला इंग्रजी कळत नाही. आत गंज्या, बाहेर भट्टी. मी विमा देऊ कसा?”

घरी सगळे वाट पाहत होते. मामांनी विचारले, “काय म्हने साहेब?”

“माझे इंग्रजी छान आहे म्हणाले.”

“मंग झालं काम?”

“नाही.”

“भाषनापेक्षा आलुबोंडे न्यायले पाह्यजे होते,” मामी म्हणाली.

दुपारी आम्ही कढई, बाक आणि बरण्या नाल्यापलीकडे नेल्या. मामांनी एका बाभळीखाली भट्टी मांडली आणि अभ्यासाला बसल्यासारखे गंभीरपणे भजे तळायला घेतले. संध्याकाळपर्यंत एका प्रेतयात्रेतली माणसे तेवढी आली. त्यांनी पाणी मागितले. एकाने भज्यांकडे पाहिले, पण लोकलाजेने तो पुढे गेला. उरलेले भजे आम्ही जेवणात खाल्ले. मामा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामीने चहाची किटली भरली, भज्यांचा पुडा बांधला आणि माझ्या हातात दिला. “सायबाले खाऊ घाल. अन् तोंडातून विंग्रजीचा एक शबूद काढू नको.”

फाटकाजवळ गेलो तर साहेब पाण्याची बादली धरलेल्या जमादारचाचांना घेऊन बंड्यांच्या रांगेतून चालले होते. विम्याच्या कागदावर त्या दिवशी सही व्हायची होती. मी किटली सांभाळत मागे गेलो. थोडे पुढे जाऊन साहेब थबकले. धनज गावचा एक गाडीवान आपल्याच बंडीच्या सावलीत बसून निवांत बिडी ओढत होता. बंडीच्या बांबूच्या तट्ट्यातून बाहेर आलेला कापूस त्याच्या कानाला लागत होता.

“अरे, विझव ती!” साहेब ओरडले.

“विझवतो नं, साहेब. दोन झुरके घेऊ द्या.”

“इथे ओढायची असते का बिडी?”

“मंग कुठं ओढू? बसाची जागा होती थे तं तुमीच उठोली.”

साहेबांनी रांगेकडे नजर टाकली. एकाआड एक बंडीखालून धुराची बारीक रेघ वर जात होती, जणू कापसाखाली चुली मांडल्या होत्या. चाचांच्या हातात बादली का आहे, हे मला तेव्हा कळले. बिचारे सकाळपासून ती घेऊन पळत होते. एरवी हे सगळे लोक मामांच्या बाकांवर बसून बिडी संपवत आणि थोटूक तिथेच टाकून बंडीकडे परत जात. पण हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. मामांच्या नाही, चाचांच्या नाही, आणि कॉलेजात तर्कशास्त्र शिकून आलेल्या माझ्याही नाही.

तेवढ्यात मागून ओरड झाली. एका बंडीच्या कोपऱ्याला कापूस पेटला होता. चाचा बादली घेऊन धावले. पाणी ओतूनही एक कोपरा धुमसत राहिला. माझ्या हातात किटली होती. मी ती त्यावर उपडी केली. आग विझली.

“अरे बाप्पा!” बंडीवाला कपाळाला हात लावून म्हणाला. “आता हा चहाचा कापूस घेईन कोन?”

साहेब रस्त्याकडेच्या दगडावर बसले. टोपी काढून त्यांनी घाम पुसला. मग मला म्हणाले, “चला, तुमच्या मामांकडे.”

नाल्यापलीकडे जाऊन त्यांनी मामांना सांगितले, हॉटेल फाटकासमोरच राहू दे. पण भट्टी मागच्या बाजूला, मातीच्या भिंतीआड. वर गवत नको, टिनपत्रे. दारात पाण्याचे रांजण. आणि रांगेतल्या सगळ्या गाडीवानांच्या आगपेट्या हॉटेलातच ठेवायच्या.

मामांनी ऐकले, आणि त्यांची कळी एकदम खुलली. “टिनपत्रे मालक देईन नं? आगपेट्या सांभाळाच्या माह्याकडून, तं छप्पर जिनाकडून.”

साहेबांनी मान डोलावली. मामांना वाटले, आता साहेब आपलेच झाले. “मंग साहेब, लगे हात माह्या हॉटेलाचाबी विमा काढून टाका.”

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अहो, गावातली सगळी आग आता तुमच्याकडे ठेवायला दिली आहे. तुमचा विमा कोणती कंपनी उतरवील?”

आठवड्याभरात पत्रे आले, भिंत झाली, बाकांवर पुन्हा माणसे बसली. चाचा त्यांच्या जागेवर येऊन बसले आणि त्यांनी दोन कप चहा मागवला. सगळे आनंदात होते, एक मामा सोडून. ते भट्टीपाशी बसून आगपेट्यांच्या टोपलीकडे पाहत होते.

“काहून असे बसले?” मामीने विचारले.

“जिनाले आग लागली तं कंपनी हाय. आपल्याले लागली तं कोन हाय व?”

“मी हावो नं. रांजण कोनं भरले? वाळूचे घमेले कोनं ठेवले? तुमच्या बी.ए.नं?”

मामांनी माझ्याकडे पाहिले. मी जवळच्या रांजणात डोकावलो. तो काठोकाठ भरलेला होता.

“भिंतीआड बसल्यावर कढईचा आवाज बाहेर जात नाही,” मामा पुटपुटले. मग त्यांनी बाहेर बसलेल्या धनजच्या गाडीवानाला मोठ्याने हाक मारून विचारले, “भजे पाह्यजे का रे?”

“कवाचा बसून राह्यलो ना, मामा!” तिकडून उत्तर आले.

मामांनी पीठ घेतले आणि पहिला घाणा सोडला.