पानाची पाठ

बाबा गेल्यावर आई आशागडचं घर बंद करून डहाणू रोडला माझ्याकडे राहायला आली. आली ती मागच्या खोलीत पडदा ओढून बसायलाच. मी दिवसातून दहादा पडदा सारायचे, ती पुन्हा ओढायची. ही अशीच मिटून जाणार की काय, या विचाराने मला एका जागी बसवत नव्हतं. त्यात प्रबंधाची घाई.

गच्चीत भोपळी मिरचीच्या कुंड्या होत्या. मिरचीच्या पानाला वर आणि खाली, दोन्ही अंगांना बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. उजेड वाढतो तशी कुठल्या बाजूची आधी उघडतात, हे मला तपासायचं होतं. पण माझं कॉलेज तलासरीला, तेही सकाळचं. उजाडायच्या आत निघावं लागायचं. म्हणून आईलाच जुंपलं. पहिल्या उजेडात पानाला बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचं, सुकलं की चिकटपट्टीने उचलून काचेवर बसवायचं. रंध्रांचा ठसा त्यात उमटतो. पाठीचे ठसे एका डब्यात, पोटाचे दुसऱ्यात. तिने नुसती मान हलवली.

पुढच्या आठवड्यात ते ठसे सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि माझं धाबं दणाणलं. खालची रंध्रं मिटलेली, वरची उघडी! मी प्रबंधात लिहून बसले होते त्याच्या बरोबर उलट. तलासरीहून येताना गाडीत सगळा वेळ चरफडत होते. घरात शिरले ती ओरडतच.

"पानाची पाठ कुठली, सांग बघू!"

"वरची," आई म्हणाली. "आवणीला वाकलं की ऊन कुठं लागतं? पाठीलाच ना?"

माझ्या लेखी पाठ म्हणजे शिरा उठून दिसतात ती, अळूवडीचं पीठ लावतो ती खालची बाजू. भाताच्या खाचरात जन्म वाकून काढलेल्या आईच्या लेखी वरची. डबे अदलाबदल केले की सगळं जुळत होतं. केवढं हायसं वाटलं!

"मग आधी कोण उघडतं?" आईने विचारलं.

"खालची. त्यांना थोडका उजेड पुरतो. वरच्यांना लख्ख ऊन लागतं."

"मग माझा पडदा काय सारखी सारतेस? मी बसते की पहाटे गच्चीत. तेवढा पुरतो मला."

बसते, म्हणाली. म्हणजे काम उरकून लगेच खाली येत नव्हती. मला कसं कळणार, मी तेव्हा तलासरीच्या रस्त्यावर असायचे.

"उद्या लावायचं ना?" तिने विचारलं.

मला हवे होते तेवढे ठसे मिळाले होते.

"लावायचं," मी म्हणाले आणि नेलपॉलिशची नवी बाटली आणायला निघाले.