तीन उड्यांची वरात

काल धामणगाव बढेला मामेभावाच्या वरातीत तीन उड्या मारल्या आणि चक्क रडले. लोकांना वाटलं, ताईचे गुडघे गेले...

आमच्या मामाच्या गावात वरात म्हणजे उस्मानचाचांचा बँड, आणि बँड म्हणजे ती एक चाल. मध्येच चाचांचं क्लॅरनेट अडकतं, तेच चार सूर तीनदा वाजवतं आणि मग पुढे सरकतं. तिथे अख्खी वरात तीन उड्या मारते. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या वेळी हमखास एकमेकांवर आपटतात, आणि आम्ही त्याचीच वाट बघत असतो.

चाल चाचांच्या आजोबांची, म्हणजे दादांची. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन मिलिटरीच्या कँपात स्वयंपाकाला होते. तिथून ग्रामोफोनचा एक तवा, म्हणजे तबकडी, घेऊन आले, इंग्रजी गाण्याची. शब्द एक कळत नव्हता, पण चाल क्लॅरनेटवर उतरवली. चाचा जन्मायच्या आधीच तो तवा फुटला.

यंदा डॉक्टरांनी चाचांना फुंकणं बंद करायला सांगितलं. ही शेवटची वरात. मला म्हणाले, "बेटा, तुह्या फोनात समदं असते म्हणतात. आमचे दादा बरोबर वाजवत होते का नाही, तेवढं समजलं तं बस."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. फोन गाणं ओळखतो ना... जुन्या लग्नाचं रेकॉर्डिंग दहा वेळा ऐकवलं. फोन ढिम्म. शेवटी चिडून अडकण्याच्या आधीचा तुकडा तेवढा कापून ऐकवला, आणि सापडलं. 

युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या काळ्या गायकांनी गाऊन गाजवलेलं गाणं. रिदम अँड ब्लूज म्हणतात, त्या ढंगाचं. पुढे कितीजणांनी ते पुन्हा गायलंय म्हणून सांगू... कुणी संथ, कुणी गिटारवर, एक बाई तर अशी गाते की मी तिचंच चारदा ऐकलं. आणि तीच चाल आमच्या धामणगावात नवरदेवाच्या घोड्यापुढे. 

गेल्या रविवारी चाचांच्या ओसरीवर फोनवर ते गाणं लावलं. त्यांची बोटं गुडघ्यावर चालू होती. ती जागा आली, बोटं अडकली... आणि गाणं सरळ पुढे निघून गेलं.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग दुसऱ्याने गायलेलं, तिसऱ्याने गायलेलं. कुणीच तिथे अडकत नव्हतं.

"म्हंजे तीन पिढ्या आम्ही चुकीचंच वाजवून राह्यलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशाला शहाणपणा केला, असं वाटलं.

तेवढ्यात आतून तांदूळ पाखडता पाखडता चाची म्हणाल्या, "अवो, त्या तव्याले ओरखडा होता न. तुमच्या अम्मी सांगत, सुई तिथंच अडके. तीनदा तेच वाजे, मंग दादा बोटानं ढकलत."

चाचांनी वळून चाचींकडे बघितलं. मग हसायला लागले, ते ठसका लागेपर्यंत. "दादानं ओरखडाबी वाजवला, बेटा. तव्यात जे होतं, ते समदं वाजवलं."

तरी काल मला एकच धास्ती होती. आता खरं कळल्यावर चाचा सरळ वाजवतील की काय... ती जागा आली. क्लॅरनेट अडकलं. एकदा, दोनदा, तीनदा. अख्खं गाव उडालं, नवरीकडचे पाहुणे धडकले, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली.

वरात संपल्यावर चाचांनी क्लॅरनेट पुसून मुलाच्या हातात दिलं. म्हणाले, "बरोबर वाजलं."

जगाने ते गाणं गायलं, तो तवा मात्र फक्त आमच्या गावाने जपला. न बघितलेल्या त्या दादांना माझा सलाम... आणि ज्याच्या हातून तव्यावर तो ओरखडा पडला, त्यालाही.