झेंडूच्या हंगामातलं दुर्बिणीचं ऑपरेशन

आमच्या घरात बाईचं दुखणं टाक्यांवरून मोजायचे. मोठ्या जावेची पिशवी काढली तेव्हा तिला वीतभर चिरलं होतं. ओसरीवर तिची खाट टाकली आणि सव्वा महिना तिनं स्वतःचं ताटसुद्धा उचललं नाही. बघायला येणाऱ्या बायकांना सासूबाई तिचा पदर बाजूला करून टाके दाखवायच्या. बायका कळवळायच्या, मोसंबी ठेवायच्या आणि चहा पिऊन जायच्या. चहा अर्थात मी करायचे.

माझ्या पित्ताशयात खडे निघाले ते दसऱ्याच्या तोंडावर. नाशिकच्या कडेला आमची फुलशेती, रानात झेंडू तयार उभा. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर पोट काढून दाखवलं. म्हणाले, आता पूर्वीसारखं फाडायची गरज नाही. चार बारीक भोकं पाडायची, एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारं, आतलं सगळं टीव्हीवर दिसतं. रक्त कमी जातं, दुखतं कमी, जखम चिघळायची भीती कमी. दुसऱ्या दिवशी जेवाल, तिसऱ्या दिवशी घरी. फक्त महिनाभर जड उचलू नका.

माझ्या नवऱ्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "म्हणजे दसरा सापडतो," हे म्हणाले.

मला काय कळायचं ते कळलं. मी म्हणाले, "डॉक्टर, मला मोठंच कापा."

डॉक्टर हसले. "अहो ताई, लोक या ऑपरेशनसाठी धडपडतात आणि तुम्ही जुनं मागून घेताय?" हेही हसले. अडाणी बाई, घाबरली, असं दोघांनी ठरवून टाकलं. मी कसली घाबरतेय! मला खाट हवी होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आजारी पडायची माझी पाळी आली होती आणि तीही उरकून टाकायला निघाले होते.

ऑपरेशन छान झालं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी संडासला गेले, पेज प्यायले. जाऊ नुसतं खोकताना पोट धरून कण्हायची, तसलं मला काही नाही. फक्त उजवा खांदा ठणकायचा. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला हवा भरतात, त्यानं खांद्यात कळ येते, दोन-चार दिवसांत जाते, असं नर्सनं सांगितलं होतं. ते मी घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "ऑपरेशन पोटाचं अन् दुखतो खांदा? लय शिकलेलं दुखणं आणलं गं तू."

मग बायका बघायला आल्या. सासूबाईंनी पदर सरकवला. पोटावर चार चिकटपट्ट्या, बस. "एवढंच?" एकीनं विचारलं, आणि आणलेल्या मोसंब्यांतली दोन उचलून नातवाला होतील म्हणून परत पिशवीत घातली. जाऊ म्हणाली, "मला तर डास चावला तरी याहून मोठं उठतं." ही जाऊ सव्वा महिना माझ्या हातचं गिळत होती. मला इतका राग आला की खांदा दुखायचाही थांबला.

चौथ्या दिवशी मी झेंडूत उभी होते. "डॉक्टरच म्हणाले ना, चालायला पाहिजे. तोडता तोडता चालणं होतं," हे म्हणाले. मी म्हटलं, जड उचलायचं नाही असंही म्हणाले होते. तर म्हणे, "फुलं कुठं जड असतात?" दवानं भिजलेल्या झेंडूचं क्रेट यांनी एकदा पोटाला भोकं पाडून उचलून बघावं. बेंबीपाशी आतून ओढ बसायची. मी दात आवळायचे आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन तळपट चिंतायचे. त्या दसऱ्याला ज्यांच्या दारांवर आमची फुलं चढली, त्यांनाही मी सोडलं नाही.

सणानंतर तपासणीला गेलो. डॉक्टरांनी पोट बघितलं, खूश झाले. हे छाती फुगवून म्हणाले, "चौथ्या दिवशी रानात होती, साहेब." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता यांना झापतील. त्यांनी बाहेर बसलेल्या जोडप्याला आत बोलावलं. घोटीकडचे होते. बायकोला माझ्यासारखेच खडे आणि भातकापणी जवळ आलेली. "या ताई बघा," डॉक्टर म्हणाले, "चौथ्या दिवशी कामाला लागल्या." तिच्या नवऱ्यानं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बाजारात बैल बघतात तसं. "मंग कापणीच्या आत उभी राहील ही," तो म्हणाला.

पुरुष औषधं घ्यायला गेले. आम्ही दोघी बाकावर बसलो. पोरगीच होती ती, हातातला चुडा अजून नवा. मी तिचा हात धरून भडाभडा बोलले. "दुखलं नाही तरी दुखतंय म्हण. कुणी हाका मारल्या तरी उठू नकोस. नाहीतर सरळ मोठं कापायला सांग, टाके दिसल्याशिवाय ही माणसं बाईला टेकू देत नाहीत."

तिनं हात काढून घेतला.

"नको ताई," ती म्हणाली. "यांच्या पहिलीचं मोठंच कापलं व्हतं. बरी होस्तवर म्हणून माहेरी धाडली. मंग कापणी आली, घरात बाई नाय, म्हणून मला करून आणली. ती अजून तिथंच हाय."