फक्त ऐकणारा सेट

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तर सीमेवरच्या एका उंच चौकीत होती. मी सिग्नलमन, गाव संग्रामपूर. लान्स नाईक यूसुफ शेजारच्या वरवट बकालचा. आम्ही दोघं गावच्या बोलीत बोलू लागलो की बाकीच्या तिघांना काही कळत नसे.

हिवाळ्यातलं काम ठरलेलं. बर्फ उपसायचा, ड्यूटी करायची, बेसला रिपोर्ट द्यायचा.

एका सकाळी रिपोर्ट देऊन मी बाहेर आलो आणि वरच्या उतारावरचा बर्फ सुटला. स्टोअर आणि रेडिओ सेट बर्फाखाली गेले. यूसुफ स्टोअरमध्ये होता. उकरून काढला तेव्हा शुद्धीवर होता, पण छातीची हाडं मोडली होती. उरलेल्या एका बंकरमध्ये आम्ही पाच जण आणि रॉकेलचा स्टोव्ह. बाहेर बर्फ पडतच होता.

चौकीचे प्रमुख सुभेदार साहेब म्हणाले, "कल सुबह नीचे उतरेंगे. यूसुफ को उठाके."

कोपऱ्यात एक जुना शॉर्टवेव्ह रिसीव्हर पडला होता, माझ्या जन्माआधीचा. त्यावर फक्त ऐकता येतं, बोलता येत नाही. टॉर्चचे सेल जोडले. स्पीकर गप्प. व्हॉल्यूमच्या तारेला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर खरखर आली. म्हणजे स्पीकरकडचा भाग ठीक, दोष एरियलकडे. पेन्सिलीनं एकेक सांधा ठोकत गेलो. एका कॉइलपाशी आवाज आला आणि तुटला. थंडीनं सांधा जोडणारं सोल्डर तडकलं होतं. स्टोव्हवर खिळा लाल केला आणि तेच सोल्डर वितळवून बसवलं.

बेसचा आवाज आला.

"सुन रहे हो तो नीचे मत उतरना. नाला कच्चा है. वहीं रुको. पार्टी चल पड़ी है."

थोड्या थोड्या वेळानं तेच.

यूसुफनं विचारलं, "आपलं बोलनं त्यायले जाते का बे?"

"नाही."

"आपन जित्ते हाओ, हे बी माईत नाही त्यायले?"

"नाही."

"तरी येऊन राह्यले," तो म्हणाला.

सुभेदार साहेबांनी बांधलेलं सामान सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उतरायच्या वाटेवरच्या नाल्यातला बर्फ कोसळला. निघालो असतो तर आम्ही तेव्हा त्यातच असतो. संध्याकाळी यूसुफ गेला. सुटकेची पार्टी त्याच्या पुढच्या सकाळी पोचली. सगळ्यांत आधी त्यालाच खाली नेलं.

सुट्टीत वरवट बकालला गेलो. त्याच्या आईनं एकच विचारलं.

"त्याले माईत होतं का, लोकं घ्याले येऊन राह्यले म्हून?"

"हाव, चाची. त्यानं सोताच्या कानानं आयकलं."

तिनं मान हलवली. मग उठून माझ्यासाठी ताट वाढलं. बाजूला यूसुफचा पाट रिकामा होता. त्यावर कोणी बसलं नाही.