पुरवणीवाले सर

पुरवणीवाले सर खिशात हातमोजा घेऊन फिरत. एकच, उजव्या हाताचा, कारखान्यात पत्रा उचलताना घालतात तसला जाड. पिरंगुटला एटीएममध्ये शिरले की आधी तो चढवायचे आणि मगच स्क्रीनला बोट लावायचे. पहिल्या वेळी वॉचमन दचकून आत आला. सरांनी त्यालाच पुढे घेतलं. "ह्ये बगा, 'रद्द करा' दाबतोय. होतंय का काय? न्हाई. उद्या एखाद्याच्या बोटाला पट्टी आसंल, त्यानं काय करायचं?" वॉचमनने मान डोलावली, बाहेरच्या रांगेने मात्र जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अशा वेळी मी ओळख नसल्यासारखा मोबाइल बघत उभा राहायचो.

सर मूळचे भरे गावचे, मी शेजारच्या घोटावड्याचा. हिंजवडीच्या एका कंपनीत ते माझे वरिष्ठ होते. तिथल्या मीटिंगांमध्ये सगळे इंग्रजी झाडत असताना हे मला मागच्या बाकावरून "आरं, चुकतंय त्याचं" असं गावच्या भाषेत सांगायचे. पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि भऱ्याच्या घरी एका खोलीत बसून ते आपली लायब्ररी सांभाळू लागले. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. गावात बरेच दिवस तोच समज होता, आणि दोघेतिघे जुनी मासिकं देऊनही गेले होते.

प्रकार असा की, स्क्रीनवर दिसणारी खिडकी, बटण, यादी हे प्रत्येक प्रोग्रामर स्वतः घडवत बसत नाही. त्याची तयार पेटी मिळते, तिला टूलकिट म्हणतात. आम्ही वापरायचो ती पेटी जगभरची माणसं मिळून बनवतात आणि फुकट देतात. तिच्यात पुष्कळ काही असतं आणि नेमकं आपल्याला हवं ते नसतं. सरांनी या नसलेल्या वस्तूंचा एक जादा कप्पा तयार केला, पेटीला बाहेरून जोडायचा. गोल काट्याचा मीटर, जोडाक्षरं न तोडणारी मराठी पाटी, मोठ्या आकड्यांचं कीपॅड. नाव ठेवलं 'पुरवणी'. "पेपर त्यांचा, पुरवणी आपली," ते म्हणायचे, "पण मार्क कशाला पडत्याल ते सांगता येत न्हाई." तेव्हापासून त्यांचं आडनाव लोक विसरूनच गेले.

सकाळी उठले की चहाच्या आधी ते मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, लावत. "बगू, कोन अडलंय." कुणी ब्राझीलमधून लिहिलेलं असायचं की मीटरचा काटा उलटा फिरतोय, कुणी जवळच्याच उरवड्याहून फोन करायचा की पाटीवर 'क्ष' दिसत नाही. दोघांना सारखंच उत्तर, सारख्याच आस्थेने. पैशाचा प्रश्न कधी यायचाच नाही. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "मोरीतला नळ गळतुया त्यो ह्यांना दिसत न्हाई, आन् ब्राझीलमधल्या मान्साचं बटण हाललं तर ऱ्हावत न्हाई," असं त्या माझ्यादेखत म्हणत. सर हसून पुढचं पत्र उघडायचे.

एकदा दिलेली वस्तू परत घ्यायची नाही हा त्यांचा आणखी एक हट्ट. नवीन चांगलं बटण केलं तरी जुनं तसंच ठेवायचे, जुन्या नावासकट. मी तरुण रक्ताचा. मला तो सगळा अडगळीचा माळा वाटायचा. साफसफाई करू का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कुनाचं तरी बोट तितं बसलेलं आसतंय. उचलशील आन् त्यो मानूस चाचपडत बसंल." मी नाक मुरडलं, पण हात लावला नाही.

पुढे त्यांच्याच शिफारशीवरून मला मूळ टूलकिटच्या मंडळींत काम मिळालं. आता मी पेटीवाला झालो होतो. काही दिवसांनी मंडळींत ठरलं की 'पुरवणी'तल्या चांगल्या वस्तू पेटीतच घ्याव्यात, म्हणजे कुणाला बाहेरचा कप्पा जोडायला नको. काम माझ्याकडे आलं, कारण ती लायब्ररी माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. मी भऱ्याला जाऊन सरांना विचारलं.

"इचारतोस कशाला? लायसनमदीच लिवलंय, घ्या म्हनून."

"तरी सर."

"घे की. पोरगी चांगल्या घरी पडली तर बाप रडतोय, पन नगं म्हनत न्हाई."

मी एकेक वस्तू नव्याने लिहून आत घेत गेलो. त्यांचं नाव श्रेयात आहे, माझंही आहे. नियमाला धरून सगळं. आयत्या बिळावर नागोबा असं मला कुणी म्हटलं नाही, ते मीच स्वतःला म्हणायचो. अन्याय केला असता तर माफी तरी मागता आली असती. इथे माफी मागायला जागाच नव्हती, आणि अपराधी वाटणं तर थांबत नव्हतं.

त्यानंतर एका सकाळी मी भऱ्याला गेलो. सर मशीनपुढे होते. पत्रं नव्हती. त्यांनी खिडकी बंद केली, थोड्या वेळाने पुन्हा उघडून बघितली. जगाला आता जवळजवळ सगळं पेटीतच मिळत होतं, त्यांना लिहील कोण? गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. हात धुवायला मोरीत गेलो तर नळ गळत नव्हता. काकू कौतुकाने म्हणाल्या, "ह्यांनीच बशीवला, नवा."

तेव्हा मोठ्या आकड्यांचं कीपॅड आत घ्यायचं तेवढं राहिलं होतं. मी ते घेतलं नाही. मंडळींना लिहिलं की ही फार खास उपयोगाची वस्तू आहे, बाहेर असलेलीच बरी. कुणी वाद घातला नाही. खरं कारण एवढंच होतं की 'पुरवणी'कडे जगाचं काहीतरी काम उरावं, सरांना सकाळी एखादं पत्र यावं. त्या रात्री मला किती दिवसांनी शांत झोप लागली. आपण माणुसकीने वागलो, असं वाटलं.

मग एके दिवशी सरांचा फोन आला. "उरवड्याला ये. आत्ताच्या आत्ता."

पत्र्याचे भाग ठोकून काढणारा कारखाना होता. सर मला थेट पत्रा दाबणाऱ्या एका प्रेसपाशी घेऊन गेले. तिथे काम करणाऱ्या ताई प्रत्येक नव्या मालाला स्क्रीनवर आकडे भरत होत्या. आकडे भरायचे म्हटलं की उजवा मोजा काढायचा, बोट पुसायचं, आकडे दाबायचे, मग पुन्हा मोजा चढवायचा. घाईत तो चढवण्याआधीच कितीदा पत्रा उचलला जात असेल ते त्यांच्या बोटांवरून दिसत होतं. चिरा पडल्या होत्या, आणि मशीनचं तेल लागून त्या भरत नव्हत्या.

"ताई, आदी मोजा काडावा लागत न्हवता न्हवं?" सरांनी विचारलं.

"न्हाई वं सर. आदीच्या स्क्रीनवर मोज्यानं आकडा उठायचा. ही नवी टाकल्यापास्नं उठतच न्हाई. मग काय करू?"

पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. मोज्यातलं बोट काचेवर किंचित घसरतं. पेटीतल्या साध्या कीपॅडला वाटतं, माणसाने दाबायचा विचार बदलला. सरांचं कीपॅड घसरलेलं बोटही मोजून घ्यायचं. स्क्रीन बनवणाऱ्याने नवी पेटी आणली, जवळजवळ सगळं आतच आहे हे बघून 'पुरवणी' काढून टाकली, आणि कीपॅड तेवढं तिच्याबरोबर गेलं.

बाहेर टपरीवर सरांनी चहा सांगितला, पण स्वतः घेतला नाही.

"ते का न्हाई घेतलंस?"

"सर, टीमचं म्हणणं पडलं की..."

"टीमचं न्हाई. चर्चा उघडी आसती, म्या वाचली. तू एकटाच नगं म्हनालायस." मग हळू आवाजात, "माझ्यासाटी ठिवलंस, व्हय?"

मी मान डोलावली.

"म्हंजे म्या सकाळी रिकामा बसू नये म्हनून त्या बाईनं मोजा काडायचा. लेका, दया करायची तर सोताच्या खिशातनं करावी. तिच्या बोटातनं न्हाई."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझा चहा तसाच राहिला.

त्याच आठवड्यात मी कीपॅड आत घेतलं. सरांनी माझं काम ओळीओळीने तपासलं, दोन ठिकाणी चुका काढल्या, आणि शेवटी लिहिलं, "आता बरोबर." मग 'पुरवणी'च्या पानावर त्यांनी सूचना लावली की यातलं सगळं आता मूळ टूलकिटमध्ये मिळतं, कृपया तेच वापरावं, जुनं इथे आहे तसं राहील. प्रकल्प कायमचा बंद करायच्या बटणाशी आले तेव्हा मी शेजारी बसलो होतो. मला वाटलं, मला दाबायला सांगतील. त्यांनी स्वतःच दाबलं आणि जेवायला चला म्हणाले. उरवड्याच्या त्या ताई आता मोजा काढत नाहीत. ते मी जाऊन बघून आलो.

काकूंचा मध्ये फोन आला होता. म्हणाल्या, "पहाटं उठत्यात, खुर्चीत बसत्यात. मशीन लावत न्हाईत. इचारलं तर म्हनत्यात, आता कुनी अडत न्हाई, बरं चाललंय सगळ्यांचं." त्या रडत नव्हत्या, पण बराच वेळ फोनही ठेवत नव्हत्या. एखादी खोटी अडचण घेऊन सरांना फोन करावा, असं माझ्या फार मनात येतं. पण ती पुन्हा तीच दया, आणि त्यांच्या ती लगेच लक्षात येईल. म्हणून ठरवलं की खरंच अडलो तरच फोन करायचा.

मागच्या आठवड्यात खरंच अडलो. सकाळपासून डोकं फुटायची वेळ आली, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. फोन लावला. कुणीही अडचण घेऊन आलं की सर आधी विचारायचे, काय व्हायला पाहिजे होतं आणि झालं काय. त्यांचा वेळ जाऊ नये म्हणून रिंग वाजत असताना मी ते मनात नीट लावून घेत होतो. लावता लावता चूक कुठे आहे ते मलाच दिसलं. मी घाईघाईने फोन कापला.

लगेच त्यांचा उलटा फोन आला.

"काय रं, अडलायस व्हय? कुटं? थांब, मशीन लावतो." मागे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

खोटं बोलायला जीभ वळली नाही. म्हटलं, "सुटलं सर. आत्ताच."

"सुटलं?"

"हो सर."

"तुजं तुलाच?"

"हो."

"मग झ्याक झालं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.