आढीतला वास

वास पहिल्यांदा आला तो एप्रिलमधल्या एका सोमवारी, सकाळी. बागेतल्या कोठाराचं, मांगराचं दार ढकलून भागोजी आत शिरला आणि उंबऱ्यातच थबकला. पिकत आलेल्या हापूसचा ओळखीचा दरवळ होता, पेंढ्याचा कोमट वास होता, आणि त्या दोन्हींच्या तळाशी काहीतरी कुजत होतं.

"एक नासलाय," तो म्हणाला. "एकच. पण नासलाय."

मागून आंब्यांची टोपली घेऊन आलेल्या सदूने मान डोलावली. भागोजी म्हणतो म्हणजे नासला असणारच. पावसच्या आसपासच्या बागांत भागोजीचं नाक म्हणजे शेवटचं कोर्ट होतं, त्याच्यावर अपील नाही. भाताच्या पेंढ्यावर आंबे, त्यावर पेंढा, त्यावर पुन्हा आंबे अशी आढी लागते. आत ऊब धरते आणि आठ-दहा दिवसांत फळ पिकतं. पण काढताना आपटलेला एखादा आंबा आत राहिला, तर तो कुजतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. असा आंबा वरून दिसत नाही. भागोजी आढीभोवती फिरायचा, मध्येच थांबायचा, पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि नेमका तोच आंबा बाहेर काढायचा. चाळीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. निदान तो स्वतः तसं सांगायचा, आणि त्याला खोटं पाडायची कोणाची टाप नव्हती.

त्या सोमवारी त्याने हात घातला. आंबा मिळाला नाही. दुसरीकडे घातला, तिथेही नाही. दुपारपर्यंत त्याने अर्धी आढी उसकटली आणि सगळे आंबे निरोगी निघाले. वास मात्र होता तिथेच होता.

आता हा भागोजी माणूस कसा, ते सांगायला हवं. बाप लवकर गेला, चौदाव्या वर्षी हा बागेत राबायला लागला, आणि तेव्हाच त्याने मनाशी गाठ मारली की कोणाकडून काही घ्यायचं नाही आणि कोणापुढे वाकायचं नाही. ती गाठ मग सुटलीच नाही. ताप आला तर स्वतःच काढा करून प्यायचा. ओझं उचलायला कोणी हात लावला तर ओझं खाली ठेवून, त्या माणसाला बाजूला करून, पुन्हा एकट्याने उचलायचा. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, त्यातला प्रकार.

आजोबांच्या काळापासून घर ख्रिस्ती. भागोजी दर रविवारी एस.टी.ने रत्नागिरीला चर्चमध्ये जायचा आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. देवाचे आभार मानायचा, पण मागायचा काहीच नाही. सगळे एका सुरात प्रभूची प्रार्थना म्हणत, तेव्हा तोही म्हणायचा. फक्त रोजची भाकर मागायची ओळ आली की ओठ मिटून घ्यायचा. भाकर आपण स्वतः कमावतो, तिच्यासाठी देवाला कशाला त्रास? देवालाही हे ऐकून बरं वाटत असेल, असा त्याचा समज होता.

बायको, कमळा, शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा चर्चमधल्या बायकांनी पेज आणि माशाचं सार आणून दिलं होतं. त्याने डबे दारातूनच परत पाठवले. "आमच्या घरात चूल पेटते," म्हणाला. कमळा आतून बघत होती. तिला ती पेज हवी होती. पण ती बोलली नाही, आणि पुढे बोलायला राहिली नाही.

दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा माणसांना पुढे खुर्च्यांवर बसवून त्यांचा एकेक पाय धुतात. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून. छोटं चर्च, बारा माणसं जमवताना फादरांच्या नाकी नऊ यायचे. ते दरवर्षी भागोजीला विचारायचे आणि दरवर्षी तो सांगायचा, "माझे पाय मी धुतो, फादर. तुम्ही दुसरा कोणीतरी बघा."

त्या पायांचा त्याला कोण अभिमान! दोन वर्षांपूर्वी चर्चच्या हॉलमध्ये तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की साखर फार आहे, गोळ्या घ्या, पायांना जपा. त्याने तो कागद पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला. नंतर नंतर तर ऐन दुपारी तापलेल्या कातळावरून तो अनवाणी चालून दाखवायचा. "बघा, कातळाचे झालेत पाय. चटका म्हणून बसत नाय." लोक कौतुक करायचे. चटका बसत नाही ही आनंदाची गोष्ट नव्हे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी वास वाढला. बुधवारी भागोजीने सगळीच आढी मोडली, हजारभर आंबे एकेक करून नाकाशी धरले आणि पुन्हा रचली. पेंढ्यात फुरशासारखा विषारी साप असतो, म्हणून आढीवर काम करताना तो रबरी गमबूट घालायचा. दिवसभर तो त्या बुटांत उभा होता. संध्याकाळी त्याच्या अंगात कणकण होती आणि एकही नासका आंबा सापडला नव्हता.

मग त्याला वाटलं, सापडत नाही म्हणजे कोणीतरी लपवतंय.

"तू आपटवलास," तो सदूला म्हणाला. सदू तीस वर्षं त्याच्याबरोबर होता, बागेतही आणि चर्चमध्येही. तो झाडावरून झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे काढायचा आणि हा आढी लावायचा.

"एक नाय सुटला झेल्यातनं. देवाशपथ," सदू म्हणाला.

"देवाला मधी आनू नको. आपटवलास नि गपचूप आत सरकवलास. लाज नाय वाटत?"

सदूने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली त्याच्या बुटांकडे पाहिलं. बुटांवर माश्या बसल्या होत्या. "भागोजी, ऐक माझा. ह्यो वास आंब्याचा नाय..."

"मना वास शिकवतोस?" भागोजी कडाडला. "चालता हो! उद्यापासून हितं पाय ठेवू नको."

सदूने झेला भिंतीला टेकवला आणि तो गेला. दुसऱ्याचं पाहावं वाकून आणि आपलं ठेवावं झाकून, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. पण झाकणाऱ्यालाच माहीत नसलं की आत काय आहे, तर काय करायचं?

सदू गेला, पण वास काही गेला नाही. उलट आता तो मांगरातून बाहेर पडून भागोजीच्या मागे येऊ लागला. पायवाटेवर आला, घरात आला, जेवायला बसला की पानाशी येऊन बसला. गावातलं एक काळं कुत्रं त्याच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून, नाक जमिनीला लावून चालायचं. त्याने दगड मारला की लांब व्हायचं आणि पुन्हा यायचं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्येही तो वास होता. बाहेर मिरवणुकीत, उघड्यावरसुद्धा. तेव्हा भागोजी पहिल्यांदा मनातून घाबरला. कमळा गेली त्या खोलीत शेवटी असाच काहीसा वास होता. हे आपलं बोलावणं तर नव्हे? की नाकच दगा देतंय? आणि नाक गेलं तर भागोजीत उरतं काय? हे कोणाला विचारायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. त्या दिवशीही भाकरीच्या ओळीला त्याने ओठ मिटले, पण दात वाजत होते.

घरी सून होती, विमला. मुलगा दीपक बोटीवर, सहा-सहा महिने घराबाहेर. विमला शहाणी पोर. तिने पुढच्या बुधवारी धीर करून विचारलं, "मामा, तुमी डावा पाय फरपटताव. जरा बूट काढा, बघू द्या मना."

"माझ्या पायाला काय धाड भरलीय? तू तुझी चूल बघ."

तिने चूल बघितली. पण कणकण आल्यापासून तो मोजे घालूनच झोपायचा, ते धुवायला मागितले तर तेही त्याने दिले नाहीत, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी भागोजी चर्चला निघाला तेव्हा त्याला सडकून ताप होता. काळे बूट चढवताना डावा बूट चढेना, त्याने तो दाबून चढवला. दुखलं नाही. विमला त्याच्याबरोबर एस.टी.त बसली. शेजारच्या सीटवरचा माणूस दोन थांब्यांनंतर उठून उभा राहिला.

चर्चमध्ये पुढे बारा खुर्च्या मांडल्या होत्या. अकरांवर माणसं बसली होती, एकेक पाय उघडा करून. त्यांत सदूही होता. बारावा माणूस आलाच नव्हता. फादर कमरेला टॉवेल बांधून, हातात तांब्या घेऊन थांबले होते. त्यांनी ख्रिस्ताच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट सांगितली. तो कसा म्हणाला की माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत, आणि मग त्याला काय उत्तर मिळालं, की धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा संबंध उरत नाही. मग त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि शेवटच्या बाकाकडे पाहिलं. भागोजीने मान हलवली. नाही.

तेव्हा सदू उठला. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, तसाच तो मधल्या वाटेने मागे आला आणि भागोजीपुढे उभा राहिला.

"चल."

"माझे पाय मी धुतो," भागोजी पुटपुटला.

"मग धू. हितंच काढ बूट." सदू खाली वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आढीत कायच नव्हता रे. त्या दिवशी तेच सांगत होतो तुला, तू बोलू दिला नायस. वास तुझ्या पायाला येतोय."

भागोजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खोटारडा, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. मग सदूला सगळ्यांसमोर खोटं पाडावं म्हणून तो वाकला, बुटाचे बंद सोडले आणि बूट ओढून काढला.

वाकल्यामुळे त्याचं नाक पायाजवळ आलं होतं. त्या नाकाला एक क्षणही लागला नाही. मोजा तळव्याला चिकटला होता आणि तिथे काळा-हिरवा ओला डाग होता. दहा दिवस तो हजार आंब्यांत ज्याला शोधत होता, तो हा. तो स्वतःच आढीभोवती फिरत होता, म्हणून वासही फिरत होता. त्याने बोटाने डाग दाबला. काही कळलं नाही. आणखी जोरात दाबला. लाकडाला हात लावावा तसं.

पुढच्या बाकावरच्या बाईने पदर नाकाला लावला. भागोजीने ते पाहिलं. सगळ्या आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"सदू," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याच्या तोंडून निघायला वेळ लागला, "मना धर."

सदूने एका बाजूने धरलं, विमलाने दुसऱ्या. बाराव्या खुर्चीपर्यंत तो कसाबसा पोचला. फादर गुडघे टेकून बसले, मोजा पाण्याने भिजवून हळूहळू सोडवला, तळवा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वरून फक्त पाणी सोडलं. मग टॉवेल पायाभोवती सैल गुंडाळला आणि वर न बघता म्हणाले, "कोणीतरी गाडी काढा. आत्ता."

शनिवारी डावा पाय गुडघ्याखालून काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अजून दोन दिवस गेले असते तर माणूसच गेला असता. विमलाने घरी येऊन डावा गमबूट पालथा केला. तळातून आंब्याच्या पेटीचा एक खिळा आरपार आत आला होता. किती दिवस तो त्याच्यावर पाय रोवून उभा होता, देव जाणे.

ईस्टरच्या सकाळी सदूच्या बायकोने हॉस्पिटलात डब्यातून पेज पाठवली. सदूने चमचा पुढे केला. भागोजीने डब्याकडे बघितलं आणि तो रडायला लागला.

"कमळेला हवी होती रे," तो म्हणाला. "माझ्या लक्षात होता. तरी परत पाठवली मी."

पेज गार व्हायला लागली, तेव्हा भागोजीने तोंड उघडलं. खाऊन झाल्यावर त्याने प्रभूची प्रार्थना म्हटली, सगळी, एकही ओळ न गाळता.

या वर्षी आढी सदूने लावली. भागोजी स्टुलावर बसतो, सदू एकेक आंबा त्याच्या नाकाशी धरतो. स्वभाव अजूनही तिखटच आहे, कोणी कुबडी आडवी ठेवली तर शिव्या हासडतो. संत झाला वगैरे काही नाही.

पण या वर्षीच्या पवित्र गुरुवारी फादरांनी विचारायच्या आधीच तो पुढच्या खुर्चीवर जाऊन बसला होता, सदूच्या शेजारी. फादर त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले. त्यांनी उरलेला पाय हातात घेतला, पाणी घातलं, टॉवेलने टिपला. ते उठणार तेवढ्यात भागोजीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"फादर," तो म्हणाला, आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं, "बोटांच्या मधे नीट बघा जरा. काय लागला असेल तर मना कळत नाय."

फादर पुन्हा खाली बसले. शेजारून सदूही वाकला. दोघांनी एकेक बोट बाजूला करून पाहिलं, आणि पाहून होईपर्यंत भागोजीने पाय मागे घेतला नाही.